पहिला घास त्यांचा

आमच्या घरमालक काकांकडे कोंबडी शिजली की पहिला घास त्यांचा. बाकीच्यांनी ताटं वाढून घ्यायची, वड्याला हात लावायचा नाही, तहान लागली तर पाणी प्यायचं आणि बघत बसायचं. ते उभ्यानेच एक तुकडा तोंडात टाकत, डोळे मिटून चावत, वाटीतून रश्शाचा घोट घेत, आणि मग मागच्या दारापर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. अशा काही फेऱ्या झाल्या की आमच्याकडे न बघताच म्हणत, "पास. जेवा." तोवर वडे गार झालेले असत आणि काकू तापलेल्या असत.

मी तशी तोंडाची फटकळ. पहिल्याच वर्षी मी त्यांना सांगून टाकलं, काका, वाईट कोंबडी खाऊन माणूस चार फेऱ्यांत आडवा होत नाही, त्याला रात्र उलटावी लागते. ते म्हणाले, "माहिती आहे मला." मग या फेऱ्या कशाला? "बसवत नाही गो," ते म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे गेले.

बसवत नाही, हे मात्र खरं होतं. मी त्यांना नीट मांडी घालून बसलेलं फारसं पाहिलंच नाही. पेपर उभ्याने, चहा उभ्याने, बातम्या तर टीव्ही आणि मागचं दार यांच्यामध्ये येरझारा घालत. त्यांची चप्पल टाचेकडून झिजून पापडासारखी झाली होती. वर माझ्या खोलीत बसून मला त्या चपलेचा फटफट आवाज ऐकू यायचा आणि काही कारण नसताना मलाही अस्वस्थ वाटायला लागायचं.

आम्ही त्यांचे भाडेकरू. चारकोपच्या एका सेक्टरात त्यांचं बैठं घर होतं. त्यावर त्यांनी एक खोली आणि स्वयंपाकघर चढवलं होतं, तिथे मी आणि माझी आई राहायचो. मी मालाडला एका ऑफिसात कामाला होते. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले. उभी नोकरी क्लेम तपासण्यात गेली. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळलं, कुणाला दवाखान्यात ठेवलं, की कागद यांच्या टेबलावर. माणूस थोडंफार खोटं बोलणारच, असं ते धरूनच चालत, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. निवृत्त झाल्यावर माणसांचे क्लेम संपले, तेव्हा त्यांनी मागच्या अंगणात बॉयलर कोंबड्या पाळायला घेतल्या. याच शंकेखोर स्वभावामुळे पुढे माझ्या आईचा जीव वाचला असं मी मानते. पण त्याआधी या स्वभावाने आम्हाला किती छळलं, तेही सांगायला हवं.

बॉयलर घरी कोण पाळतं? गावाकडे चार गावठी कोंबड्या असतात, त्या आपल्या आपण उकिरडा उकरत वाढतात. त्यांचं मूळ गाव कणकवलीकडचं, वडील गिरणीत असले तरी गावाशी येणं-जाणं होतं, त्यामुळे त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांना मांसाचीच कोंबडी पाहिजे होती आणि ती आपल्या नजरेखालची पाहिजे होती. पनवेलकडच्या ओळखीच्या एका पोल्ट्रीतून पांढरी पिल्लं यायची, आधी खोक्यात बल्बखाली आणि मग जुन्या खिडकीच्या ग्रिलपासून केलेल्या खुराड्यात वाढायची. वास येऊ नये म्हणून ते स्वतः सकाळ-संध्याकाळ अंगण धूत. शेजाऱ्यांना बोलायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

बाजारात काय वाटेल ते विकतात, हे त्यांचं म्हणणं. घरच्या कोंबडीला काय झालंय ते आपल्याला दिसतं. पण दिसतं हीच तर सगळी भानगड होती. दुकानातली कोंबडी आजारी होती की ठणठणीत, कुणाला माहीत असतं? पिशवीत घालून आणतो, शिजवतो, खातो, ढेकर देतो. घरची कोंबडी रोज डोळ्यांसमोर. शिंकली, दिसलं. लंगडली, दिसलं. एका जागी डोळे मिटून बसली, तेही दिसलं. आणि एकदा दिसल्यावर हा माणूस गप्प बसणार नाही.

काकूंच्या विणकामाच्या टोपलीतून त्यांनी लोकर पळवली होती. तिचे तुकडे ते कोंबडीच्या पायात बांधत. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे पेंडिंग, लाल म्हणजे रद्द. लोकरीचे तुकडे सदऱ्याच्या खिशात कायम असत. लग्नाला जाताना काकू त्यांचा खिसा उलटा करून झटकत, तरी मांडवात रुमालाबरोबर एखादा लाल धागा बाहेर यायचाच.

सकाळी दाणे टाकले की कोण धावत येतं आणि कोण मागे राहतं, इथून तपासणी सुरू. मग तुरा, डोळे, चोच, पंखाखालची कातडी, पोट, शिट. कोंबडी काखेत धरून ते तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत. काकू एकदा ओट्यावरून म्हणाल्या, "माका बघूक इल्लात तेव्हा येवढा निरखून बघूक नाय." त्यावर त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं की तेव्हा शंका नव्हती.

कापायचं कामही स्वतःच करत. आणि कापल्यावर खरी परीक्षा. कलेजी एका पांढऱ्या बशीत काढायची, मागच्या दारात उजेडात ठेवायची आणि बघायची. ती गुळगुळीत आणि एका रंगाची असली तर पुढे जायचं. ठिपका दिसला, गाठ दिसली, रंग भलताच वाटला, तर सगळी कोंबडी खड्ड्यात. वर चुना. काकूंनी हळहळून काही म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "कोंबडी दुसरी मिळते, पोट दुसरं मिळत नाही."

तसे ते सरसकट नाही म्हणणारे नव्हते, हे मला त्यांच्यातलं आवडायचं. एकदा एक कोंबडी वजनाने पायावर उभीच राहीना. बॉयलरचं असं होतं, अंग पटापट भरतं आणि पाय मागे राहतात. आम्हा सगळ्यांना तिची किळस आली. काकू म्हणाल्या, टाकून द्या ती लंगडी. पण तिचे डोळे स्वच्छ होते, खात होती, श्वास साफ होता. त्यांनी तिला पाण्याची वाटी जवळ नेऊन दिली, दोन दिवस बघितली आणि पायात हिरवी लोकर बांधली. "पाय अधू आहेत गो, रक्त नाही," असं मला समजावलं. त्या दिवशीचा रस्सा मी दोनदा मागून घेतला.

पण स्वतःहून मेलेली कोंबडी म्हटलं की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. रात्री धडधाकट होती, सकाळी मेलेली सापडली, अंग अजून गरम आहे, असं कुणी कितीही सांगा. आणि एकदा आसपास कावळे-कबुतरं मरून पडताहेत अशी बातमी आली, तर त्यांनी खुराड्यावर जाळी घातली, तोंडाला फडकं बांधलं, आम्हाला अंगणात उतरायला बंदी केली आणि पालिकेच्या ऑफिसात फोन करकरून तिथल्या माणसांना जेरीस आणलं. आमच्या कोंबड्यांना काही झालं नव्हतं. तरीही त्या खेपेची एकही कोंबडी त्यांनी कापली नाही.

गटारीची ती गोष्ट काकू मरेपर्यंत विसरायच्या नाहीत. काका-काकूंच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालेलं. मुलगी आणि जावई कुर्ल्याहून पहिल्यांदाच गटारीला आलेले. काकूंनी सकाळपासून वड्यांचं पीठ मळून ठेवलेलं, खोबरं भाजलेलं, वाटण तयार. काकांनी सर्वांत मोठी कोंबडी कापली आणि पोटातून भसकन पिवळट पाणी आलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग खड्डा खणायला लागले. काकूंनी खाली येऊन हात जोडले, म्हणाल्या, नीट धुऊन घेते, तंगड्या तरी घ्या, बाहेर जावई बसलाय. त्यांनी ऐकलं नाही. उरलेल्यांतली कापा म्हटलं तर म्हणाले की एकीच्या पोटात पाणी निघालं, आता सगळ्यांना पिवळी. मग जावई बिचारा म्हणाला, मी दुकानातून आणतो. त्याच्याबरोबर हे गेले आणि दुकानदाराला कोंबड्या कुठून येतात, कधी आल्या, कुठलं औषध देतात असं इतकं विचारलं की त्याने हात जोडून यांना पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवला. शेवटी पहिल्या गटारीला जावयाने वडे आणि अंड्याचं कालवण खाल्लं. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि ते दोन दिवस नुसते येरझारा घालत होते.

दुसऱ्या एका वर्षी सगळं पास झालं, सगळे जेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचंच पोट बिघडलं. झालं. त्यांनी जेवायला आलेल्या एकेकाला फोन लावला. जावयाला ऑफिसात फोन करून पोट साफ झालं का, पातळ झालं की घट्ट, कळ येते का, असं मोठ्या आवाजात विचारलं. तो काय बोलणार? चारचौघांत नुसता हो-नाही करत राहिला. आमचीही जबानी झाली. सगळे ठणठणीत होते. अखेर काकूंनी फ्रिजमधून चटणीची एक वाटी काढून दाखवली. ती आंबलेली चटणी ते सकाळी उभ्या उभ्या बोटाने चाटून गेले होते. कोंबडी निर्दोष सुटल्याचा आनंद त्यांना इतका झाला की आपलं पोट दुखतंय हे ते विसरले.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं. लहानपणी काही झालं होतं का? खराब कोंबडी खाऊन घरात कुणी गेलं होतं का? मला वाटलं, अशा माणसाच्या मागे काहीतरी असणार. त्यांनी बराच वेळ विचार केला, जणू माझा प्रश्न वाया जाऊ नये म्हणून काही सापडतंय का ते बघत होते. मग म्हणाले, "नाही गो. तसं काही झालं नाही. मला फक्त शंका येते." आणि दाराकडे वळत, "सगळ्यांनाच येते. लोक भुकेपायी गप्प बसतात."

मग आईचं आजारपण आलं.

आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आल्यावर जखम चिघळली. टाक्यांच्या एका टोकाला पू धरला. डॉक्टरांनी कॅप्सूलचा कोर्स दिला. तो चालू असताना जखम सुकायला हवी होती, पण सुकत नव्हती. ड्रेसिंगला नेलं की डॉक्टर कापूस लावून बघत आणि गप्प होत. त्यांचं ते गप्प होणं मला सहन व्हायचं नाही. त्यात आई काही खात नव्हती. अंगठ्या गळून पडायला लागल्या तेव्हा तिने त्या काढून डब्यात ठेवल्या. तिला एकच गोष्ट आठवायची, तिच्या माहेरचं कोंबडीचं पातळ सार, नुसतं आलं-मिरी घातलेलं. मी दुकानातून कोंबडी आणून करून दिलं, तर तिला वास आला. दोन चमच्यांपुढे गेलं नाही. मी चिडले. मी त्या दिवसांत सारखीच चिडत होते, कारण मला भीती वाटत होती.

हे काकांच्या कानावर गेलं. त्या खेपेतली एक कोंबडी त्यांनी वेगळी केली आणि वर येऊन दारात उभं राहून सांगितलं, "ही वहिनींची. तयार झाली की सार करू." आईला ते आवडलं. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून मी ऑफिसला गेले की ती कठड्याला धरून हळूहळू जिना उतरायची आणि खुराड्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची. मऊ भाताचे लहान लहान गोळे करून आपल्या कोंबडीला भरवायची. स्वतः न खाल्लेला भात, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

आणि नेमकी तीच कोंबडी आजारी पडली. तळपायाला गाठ आली, सुजली, ती एका पायावर उभी राहायला लागली. काकांनी मिठाच्या कोमट पाण्याने पाय धुतला, हळद लावून चिंधी बांधली आणि दुसऱ्या पायात पिवळी लोकर. आईने विचारलं, पाय तोडून टाकला तर बाकीची चालेल ना? ते म्हणाले, पू पायातच आहे की अंगभर गेलाय ते कसं सांगणार? बरी झाली तर बघू. आई म्हणाली, "मला चालेल हो मालक. मला आता काहीही चालेल." त्या संध्याकाळी खाली चपलांचा आवाज थांबेच ना.

आईच्या जखमेचं तेच चालू होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या कॅप्सूलला दाद देत नाहीये, असंच राहिलं तर परत अॅडमिट करून जखम उघडावी लागेल, आणि या वयात, या वजनात ते सोपं नाही. मी घरी येऊन आईला वेगळंच काहीतरी सांगितलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

इकडे कोंबडीचा पाय मात्र बरा झाला. बघता बघता सूज उतरली, गाठ सुकली, ती दोन्ही पायांवर दाण्याला धावायला लागली. आम्हाला आनंद झाला. आई तर म्हणालीच, आता हिरवी बांधा. पण काकांचा चेहरा उतरला होता. इतक्या लवकर बरी कशी झाली? हळदीने फरक पडतो, पण इतका? "मी हळद ओळखतो," ते म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी हेच पाहिलं होतं, सगळं फार छान जुळून आलं की फाइल परत काढायची. त्यांनी काकूंची उलटतपासणी घेतली, खाद्य आणून देणाऱ्याची घेतली. मी ऑफिसातून येताच जिन्यात माझीही घेतली. मी ताडकन म्हटलं, "काका, माझी आई तिकडे मरायला टेकलीय आणि तुम्ही कोंबडी बरी का झाली म्हणून रडताय?" ते खाली मान घालून बाजूला झाले. पण शोधायचं काही थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आईचे केस विंचरत होते. ते वर आले, चक्क चप्पल काढून आत आले. हातात ती कलेजीची पांढरी बशी होती. बशीत ओलसर, चिकटलेली चार-पाच टरफलं होती, अर्धी लाल, अर्धी पांढरी. खुराड्यामागच्या नाल्याच्या जाळीत अडकली होती.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं आणि लगेच ओळखलं. रोज ऑफिसला निघताना मी ती कॅप्सूल आईच्या हातावर ठेवत होते. नाश्ता झाला की घेते, असं ती म्हणायची.

"माझं," आई म्हणाली. तिला काही चोरी पकडली गेल्यासारखं वाटलंच नव्हतं. "माझ्या पोटात ते राहतच नाही. घेतलं की उलटून पडतं, तोंड कडू होतं, भाताचा घाससुद्धा जात नाही. पदराला बांधून खाली नेत होते. फोडून भातातून तिला दिलं. तिला कसं लागू पडलं बघितलंत ना?"

"लागू पडलं म्हणूनच मला कळलं वहिनी," ते म्हणाले.

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "अगं, मी आता किती खाणार आणि किती दिवस जगणार? तिचा पाय तरी बरा झाला." जखम का सुकत नव्हती ते मला कळलं होतं, आणि आईने मनातून सगळं सोडून दिलंय हेही त्याच वेळी कळलं होतं. दुसरं जास्त वाईट होतं.

तेव्हा ते खाली बसले. आमच्या फरशीवर, मांडी घालून, बशी पुढ्यात ठेवून. आईलाही ते नवीन असावं, ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"कोंबडी रद्द," ते म्हणाले.

"का? बरी झाली ना?"

"जनावराचं औषध असतं तर किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. माणसाची गोळी कोंबडीच्या अंगात कधीपर्यंत राहते, कुणाला माहिती? शंका आली की संपलं. ती आता कुणीच खायची नाही. ती राहील." मग त्यांनी खिशात हात घातला, लोकर चाचपली, पिवळा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "आणि यांच्या हाताला हे बांध. या पेंडिंग आहेत. रद्द नाहीत. कुणी सांगितलं यांना रद्द म्हणून?"

शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चढला होता. मी आईच्या मनगटाला ती लोकर बांधली. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती इतका हात बारीक झाला होता. आईने हात वर करून लोकर बघितली आणि कितीतरी दिवसांनी हसली. हसताना टाके दुखले म्हणून पोट धरलं, आणि तरी हसत होती.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग म्हणाले की बरं झालं कळलं, आणि पोटाला सोसेल असं दुसरं औषध लिहून दिलं. ते वेळेवर पोटात जाण्याची जबाबदारी काकांनी घेतली. आईने त्यांच्या समोर गोळी गिळायची आणि आ करून दाखवायचं, मगच ते खाली जाऊन तिच्या कोंबडीला दाणे टाकत. आईने उशीर केला की खाली कोंबडी भुकेने आरडाओरडा करायची आणि आई घाईने पाणी मागायची. पेज खायची वेळ आली की ते आधी स्वतः एक चमचा घेत आणि खोलीत फेऱ्या मारत. पेजेत काय असणार? पण आई त्यांच्या फेऱ्या संपायची वाट बघायची, आणि वाट बघता बघता तिला भूक लागायची.

जखम सुकली. शेवटचं ड्रेसिंग निघालं त्या संध्याकाळी ते काकूंची कात्री घेऊन वर आले, आईच्या मनगटावरची मळकी लोकर कापली आणि "पास" म्हणून निघून गेले. सार झालं ते पुढच्या खेपेच्या कोंबडीचं. आईने वाटीभर प्यायलं.

ती कोंबडी नंतर बरेच दिवस अंगणात फिरली. बॉयलर एरवी इतके दिवस जगत नाही. ती एवढी जाड झाली की चालताना दर दोन पावलांनी बसायची. एका दुपारी बसली ती उठलीच नाही. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, स्वतःहून मेली, पुढे बोलायचं नाही. खड्डा त्यांनीच खणला. आई वरून बघत होती.

काका मागच्या थंडीत गेले. छातीचं दुखणं होतं, दवाखान्यात फार दिवस राहावं लागलं नाही. तिथेही त्यांनी खिचडी आणणाऱ्या बाईला डाळ कधी धुतली म्हणून विचारलं होतं, असं काकू सांगत होत्या आणि सांगता सांगता डोळे पुसत होत्या. खुराडं रिकामं करून काकूंनी त्यात कुंड्या ठेवल्या.

गटारी आली तेव्हा करावी की नाही यावर बोलणं झालं. काकू म्हणाल्या, करायची, त्यांना आवडायची. मुलगी-जावई कुर्ल्याहून आले. कोंबडी दुकानातूनच आली. काकूंनी कलेजी पांढऱ्या बशीत काढली, मागच्या दारात उजेडात नेऊन ठेवली आणि बघत बसल्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "काय बघूचा असता ता माका खंय ठावक?" मग बशी उचलून त्यांनी ती शिजायला टाकली.

ताटं वाढली गेली. वडे गरम होते, वाफ येत होती. आम्ही सगळे बसलो आणि कुणीच जेवायला सुरुवात करेना. जावई वड्याकडे बघत होता, काकू दाराकडे बघत होत्या. जेवा म्हणणारंच कुणी नव्हतं. मला कळत होतं की कुणीतरी एक घास घ्यायला हवा, मीसुद्धा घेऊ शकते, पण माझा हात ताटापर्यंत जात नव्हता.

आई उठली. आपल्या ताटातला एक तुकडा घेऊन उभ्यानेच तोंडात टाकला. डोळे मिटून चावला. वाटीतून रश्शाचा घोट घेतला. मग दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू मागच्या दारापर्यंत गेली, कुंड्यांकडे बघत थोडी थांबली आणि परत आली. पुन्हा गेली. आम्ही ताटांपुढे हात आवरून बसलो होतो. वडे गार होत चालले होते आणि आज काकू एका शब्दाने बोलत नव्हत्या. आईच्या किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही, पण काकांपेक्षा जास्त झाल्या.

शेवटी काकूच म्हणाल्या, "ताई, पुरे आता. बसा."

"बसवत नाही हो," आई म्हणाली.